ठरावावाचून झालेली कपात

राज्याचा अर्थसंकल्प मार्च महिन्यात विधिमंडळापुढे येतो, त्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यात कापसाची शेवटची वेचणी आटोपलेली असते, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, आणि ज्यांच्या हातांना मृगापर्यंत शेतीत काम मिळावयाचे नसते अशा मजुरांची, विधवांची व वृद्धांची वर्षातील सर्वांत कठीण ऋतूशी गाठ पडलेली असते. मुंबईत वाचल्या जाणाऱ्या त्या भाषणामुळे काय महाग झाले आणि काय स्वस्त झाले ह्याची चर्चा वृत्तपत्रांतून चार दिवस चालते. परंतु पांढरकवडा, झरी जामणी किंवा घाटंजी येथील तहसील कचेरीच्या आवारात हयातीचा दाखला हाती धरून बसलेल्या म्हातारीच्या दृष्टीने त्या सबंध अर्थसंकल्पाचा अर्थ एका ओळीत सामावलेला असतो, आणि ती ओळ म्हणजे निराधारांच्या अनुदानाच्या लेखाशीर्षापुढे लिहिलेली रक्कम. ती रक्कम कमी झाली, वेळेवर सुटली नाही, किंवा वर्षानुवर्षे जेथल्या तेथेच राहिली, तर तिच्या चुलीवर त्याचा परिणाम काय होतो हे दाखविणारा तक्ता अर्थसंकल्पाच्या कोणत्याही पुस्तकास जोडलेला नसतो.

सरकारी खर्चाला कात्री लागते ती नेमकी कोठे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार ह्यांनी १० मार्च २०२५ रोजी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लक्ष कोटी रुपयांचा होता. त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटींची धरलेली होती आणि राज्यावरील कर्ज ९ लक्ष ३२ हजार कोटींच्या घरात जाईल असा अंदाज होता. एवढ्या अवाढव्य खर्चापैकी कर्मचाऱ्यांचे वेतन, निवृत्तांचे वेतन आणि कर्जावरील व्याज ही देणी अशी आहेत की त्यांना हात लावण्यास कोणताही अर्थमंत्री धजत नाही. कारण वेतन थकले तर संप होतो आणि व्याज थकले तर सरकारची पत जाते. त्यामुळे तिजोरीत चणचण भासू लागली म्हणजे काटकसरीचा सारा भार योजनांवरील खर्चावर येऊन पडतो. त्यातही विधिमंडळाने मंजूर केलेली तरतूद आणि वित्त विभागाने प्रत्यक्ष वितरित केलेला निधी ह्यांत पुष्कळ अंतर असते: तरतूद कायम ठेवून वितरण लांबवीत नेले आणि ३१ मार्चची मुदत उलटली, की उरलेली रक्कम व्यपगत होते. अशा रीतीने कोणत्याही सभागृहात चर्चा न होता, कोणाचेही मत न घेता, एखाद्या योजनेचा निम्मा खर्च वाचलेला असतो. ४ मे २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात शासनाने विकास योजनांवरील खर्च ६७ टक्क्यांनी कमी करून केवळ ३३ टक्केच निधी उपलब्ध करून देण्याचा आणि नवी नोकरभरती थांबविण्याचा हुकूम काढला, तो निदान उघड होता. महसूल आटला होता, रुग्णालयांचा खर्च वाढला होता, आणि त्या निकडीविषयी मी वाद घालू इच्छित नाही. परंतु बहुतेक कपाती अशा हुकूम काढून होत नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर कोणी बोलत नाही.

यवतमाळच्या शेतकऱ्याच्या स्मरणात असलेली सर्वांत उघड कपात २००५ सालची आहे. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यान्वये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, आणि पुढील तीन दशके ह्या जिल्ह्यातील कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर न जाता सहकारी पणन महासंघाच्या केंद्रावर जाऊ लागला. योजनेत दोष होते, ग्रेडिंगमधील लबाडी होती, चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागत होते, आणि तोटा वाढत जाऊन शेवटी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक द्यावी लागली. हे सारे मान्य केले तरी हमीभावावर क्विंटलमागे ५०० रुपये अग्रिम बोनस देण्याची जी प्रथा होती, तिच्यावर वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याचा सबंध वर्षाचा हिशेब उभा होता. २००५ च्या हंगामात तो बोनस बंद करण्यात आला. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला १,९८० रुपये होता. म्हणजे शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या रकमेचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका निर्णयाने नाहीसा झाला. बियाणे, खत आणि सावकाराचे व्याज ह्यांपैकी कशातही मात्र तेवढी घट झाली नाही. त्यानंतरच्या वर्षी विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी जो भयंकर आकार धारण केला, त्याचे एकमेव कारण हा बोनस होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु सरकारी तिजोरीतील बचत आणि शेतकऱ्याच्या घरातील तूट ह्यांचा इतका सरळ संबंध पुन्हा क्वचितच पाहावयास मिळाला असेल.

२००६ हे वर्ष ह्या जिल्ह्याच्या इतिहासात म्हणूनच ध्यानात ठेवावे लागते. जूनच्या अखेरीस पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले, आणि यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत राज्य शासनाने असा निर्णय घेतला की, कर्जबाजारीपणामुळे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पात्र ठरविले म्हणजे त्याच्या कुटुंबास १ लक्ष रुपये द्यावेत, त्यापैकी ३० हजार तत्काळ आणि ७० हजार मुदत ठेवीच्या रूपाने. केंद्र सरकारने वृद्धांच्या निवृत्तिवेतनातील आपला वाटा महिना ७५ रुपयांवरून २०० रुपयांवर नेला, तेही त्याच वर्षी. ह्या तिन्ही गोष्टी त्या काळी मनाला दिलासा देणाऱ्या होत्या, आणि त्या करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

पण त्यानंतर आकडे थिजले. कुटुंबास मिळावयाचे ते १ लक्ष रुपये जवळजवळ वीस वर्षे १ लक्षच राहिले. २००६ साली त्या रकमेत १,९८० च्या हमीभावाने ५० क्विंटल कापूस आला असता. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये झाला, आणि त्याच रकमेत आता जेमतेम १२ क्विंटल येतो. म्हणजे तीन चतुर्थांशाहून अधिक साहाय्य काढून घेतले गेले आहे, आणि ते काढून घेण्याचा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळात कधीही मांडला गेला नाही, कोणत्याही मंत्र्याने त्यावर सही केली नाही, विरोधी पक्षाने त्यावर सभात्याग केला नाही. साठ ते एकोणऐंशी वर्षे वयाच्या वृद्धांसाठी केंद्राकडून येणाऱ्या २०० रुपयांची गत ह्याहून वेगळी नाही. २०० रुपयांत आज तूरडाळ किती येते, हे वाचकांनी स्वतःच्या वाण्याला विचारून पाहावे.

येथे राज्य शासनाच्या बाजूने सांगावयास हवे की, त्याने स्वतःचा वाटा वाढविला. १९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना ह्यांखाली महिन्याला ६०० रुपये मिळत, ते २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाले. ज्या वृद्धाला १,५०० मिळतात त्याच्या बाबतीत केंद्राचे २०० आणि राज्याचे १,३०० अशी ही वाटणी पडते. तथापि ही वाढ निवडणुकीच्या आगेमागे, सरकारची मर्जी होईल तेव्हा, होते. ती मागण्याचा हक्क निराधाराला नाही. शासकीय कर्मचाऱ्याच्या वेतनाला महागाईच्या निर्देशांकाची जोड दिलेली आहे, वर्षातून दोनदा त्याचा महागाई भत्ता पुन्हा मोजला जातो, आणि तो थकला तर फरकासह मिळतो. मी त्या भत्त्याच्या विरुद्ध नाही. महागाई मोजून वेतन देणे हे सभ्य राज्याचे लक्षणच आहे. परंतु शेतमजुरांच्या राहणीखर्चाचा स्वतंत्र निर्देशांक सरकारच दरमहा प्रसिद्ध करीत असताना, त्याच शेतमजुराच्या विधवेचे अनुदान मात्र कोणत्याही निर्देशांकाला जोडलेले नसावे, ह्याचे समर्थन कोणत्या अर्थशास्त्रात सापडेल ते मला ठाऊक नाही.

कपातीचा आणखी एक मार्ग निकषांतून जातो. निराधार अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असले पाहिजे, अशी अट वर्षानुवर्षे चालत आली आणि तलाठ्याचा व तहसीलदाराचा दाखला त्याच आकड्यावर बेतला जातो. आता रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रातील मजुरीचा दर २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होता, आणि कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवस कामाची हमी दिलेली होती. एखाद्या कुटुंबाला ती हमी पूर्णपणे लाभली, तर त्याचे वर्षाचे उत्पन्न त्या एका कामातूनच ३१,२०० रुपये होते आणि ते कुटुंब, त्यातील म्हाताऱ्या आईसह किंवा विधवा सुनेसह, कागदोपत्री निराधार राहत नाही! सरकारच्या एका हाताने दिलेले वचन पाळले गेले तर दुसऱ्या हाताने दिलेले आपोआप रद्द होते. मग खेड्यातील गरीब मनुष्य खोटा दाखला आणतो आणि आपण त्याला अप्रामाणिक म्हणतो. आत्महत्येच्या प्रकरणांतही तसेच घडते. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असले पाहिजे, आणि ते फेडता न आल्याचे व वसुलीच्या तगाद्याचे कारण सिद्ध झाले पाहिजे. ज्याने कृषी केंद्रचालकाकडून बियाणे व औषधे उधारीवर घेतली आणि नात्यातल्या माणसाकडून हातउसने घेतले, त्याची फाइल अपात्र ठरते. जमीन बापाच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर राबणारी बाई शेतकरी ठरविताना अडचण येते. अपात्र हा शेरा ज्या कागदावर पडतो, त्या कागदामुळे तिजोरीतील १ लक्ष रुपये वाचतात. हीही एक बचतच.

२००८ च्या देशव्यापी कर्जमाफीत दोन हेक्टरांची मर्यादा घातली गेली, तेव्हा यवतमाळला हाच अनुभव आला होता. ओलिताखालच्या दोन हेक्टरांवर ऊस पिकविणारा शेतकरी पूर्ण माफीस पात्र ठरला, आणि मुरमाड, पावसावर अवलंबून असलेल्या तीन हेक्टरांत कसेबसे पोट भरणारा राळेगाव किंवा मारेगावचा शेतकरी मोठा शेतकरी समजला जाऊन, आधी बाकीची रक्कम भरा म्हणजे ठरावीक सूट मिळेल, असे ऐकून परतला.

अलीकडे ह्या सर्वांवर एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. २०२४ च्या जुलैपासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि पात्र स्त्रियांच्या खात्यांत महिना १,५०० रुपये जमा होऊ लागले. गरीब स्त्रीच्या हाती स्वतःचा म्हणावा असा पैसा येणे ही लहान गोष्ट नाही. वणीच्या बाजारात त्या पैशाने मुलाची वही किंवा स्वतःचे औषध विकत घेणाऱ्या बाईला त्याबद्दल बोल लावण्याचे पातक कोणी करू नये. प्रश्न तो पैसा कोठून आणला ह्याचा आहे. मे २०२५ मध्ये त्या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लक्ष आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लक्ष रुपये वळविण्यात आले, तेव्हा सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट ह्यांनी स्वतःच जाहीर नापसंती व्यक्त केली. अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी ठेवण्याचे तत्त्व ह्या देशाने मोठ्या विचाराने स्वीकारले आहे, ते एवढ्यासाठीच की सर्वसाधारण योजनांची गंगा वाहत असताना ज्यांच्या वस्तीपर्यंत तिचे पाणी पोहोचत नाही त्यांच्याकरिता स्वतंत्र पाट असावा. तो पाटच मुख्य प्रवाहाकडे फिरविला, तर केळापूर व झरी तालुक्यांतील कोलामांच्या पोडांवर काय उरणार? कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष दुर्बल समजल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक. त्यांचे पोड पुष्कळदा गावापासून दूर, डोंगरउतारावर असते, आणि आश्रमशाळा, वसतिगृह व आरोग्य पथक ह्यांखेरीज राज्याशी त्यांचा फारसा संबंध येत नाही.

खावटीचे उदाहरण ह्या संदर्भात सांगण्यासारखे आहे. पावसाळ्यात मजुरी बंद पडते, घरातील धान्य संपते, आणि आदिवासी कुटुंब सावकाराच्या दारी जाते, हे ओळखून १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज दिले जात असे. वसुली होत नाही आणि थकबाकी साचते, म्हणून २०१३ च्या सुमारास ती योजना बंद पडली. २०२० मध्ये कोरोनाच्या निमित्ताने ती एका वर्षापुरती, कर्जाऐवजी अनुदानाच्या रूपाने, पुन्हा जिवंत केली गेली: कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. पावसाळ्यातील उपासमार मात्र एका वर्षापुरती नसते.

शेतीच्या बाजूला २०२५ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा देण्याची राज्याची योजना बंद झाली. त्याच्या दोन वर्षे आधी सुरू झालेल्या त्या योजनेत बनावट अर्ज भरले गेले, नसलेल्या बागांचा व दुसऱ्याच्या जमिनींचा विमा उतरविला गेला, हे खरे आहे, आणि त्या लबाडांना शासन व्हावयासच हवे होते. झाले असे की लबाडी करणाऱ्यांची शिक्षा यवतमाळच्या कापूस उत्पादकाला मिळाली: त्याला आता नगदी पिकासाठी विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता स्वतः भरावा लागू लागला. त्याहून गंभीर गोष्ट ही की, स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचे नुकसान ह्यांसाठी स्वतंत्र भरपाई देणारी कलमेही त्या हंगामापासून वगळण्यात आली आणि केवळ महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगाच्या सरासरीवर भरपाई अवलंबून राहिली. पैनगंगेच्या किंवा एखाद्या नाल्याच्या पुराने उमरखेड, महागाव भागातील काठच्या पाच-पंचवीस शेतकऱ्यांची पिके खरडून गेली आणि मंडळातील उरलेल्या गावांत पीक बरे आले, तर सरासरी चांगली निघते आणि त्या पाच-पंचवीसांचे नुकसान सरासरीत बुडून जाते.

ह्या सगळ्याचा विचार करताना मन पुन्हा पुन्हा पुसद तालुक्यातील गहुली ह्या गावाकडे जाते, कारण महाराष्ट्राला संकटकाळी खर्च कसा करावा हे शिकविणारे मुख्यमंत्री वसंतराव नाईक त्या गावचे. १९७२ च्या दुष्काळात एका टप्प्यावर सुमारे ५० लक्ष माणसे सरकारी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी त्याआधीच सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. त्या कल्पनेला नाईकांनी राज्याच्या धोरणाचे रूप दिले, १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्याने शहरातील नोकरदारांच्या पगारातून तिच्यासाठी पैसा उभा राहिला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमीचा कायदा लागू झाला. त्या कायद्याची थोरवी कामाच्या दिवसांत किंवा मजुरीच्या दरात तितकीशी नव्हती, जितकी त्यातील अर्थविचारात होती: पाऊस कमी पडला, कामावर येणाऱ्यांची संख्या वाढली, तर खर्चही त्या प्रमाणात वाढलाच पाहिजे, आणि तिजोरीत पैसा नाही ही सबब मजुरापुढे चालणार नाही. इतर सर्व योजनांत आधी रक्कम ठरते आणि मग तेवढ्यांत बसतील इतके गरीब शोधले जातात. येथे आधी गरीब मोजला जाई आणि मग रक्कम. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाने दरमहा कापून दिलेल्या पैशातून दुष्काळी गावातील बांध बांधला जावा, ही कल्पना मला महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील अत्यंत उदात्त कल्पनांपैकी एक वाटते.

ह्याच तत्त्वावर केंद्राने २००५ चा रोजगार हमी कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी तो देशातील पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला तेव्हा त्यांत यवतमाळही होते. अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्राने उचलावयाचा होता. पण पुढे त्या कायद्यालाही तरतुदीची मर्यादा पडू लागली: २०२२-२३ च्या सुधारित अंदाजात ८९,४०० कोटी असलेली रक्कम २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ६०,००० कोटींवर आली, आणि मागणी करणाऱ्याला काम मिळाले तरी मजुरी खात्यात जमा होण्यास विलंब लागू लागला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत, परंतु महाराष्ट्रासारख्या राज्याने खर्चाचा ४० टक्के भाग स्वतः सोसावयाचा आहे, आणि केंद्राने राज्यासाठी ठरवून दिलेल्या रकमेच्या वर जो खर्च होईल तो सर्वस्वी राज्याचा.

म्हणजे मजुराची गरज पुन्हा एकदा त्याच राज्य अर्थसंकल्पाच्या दारी येऊन उभी राहिली आहे, ज्यात ४५,८९१ कोटींची महसुली तूट धरलेली होती आणि ज्यातून आदिवासी विकासाचे पैसे वळविले गेले होते. वित्त विभाग ह्या ४० टक्क्यांची तरतूद कोणत्या लेखाशीर्षातून काढतो, आणि ती काढताना निराधारांच्या, आश्रमशाळांच्या वा अंगणवाड्यांच्या कोणत्या रकमेला धक्का लावतो, हे पुढील प्रत्येक मार्चमध्ये यवतमाळच्या सातही विधानसभा सदस्यांनी सभागृहात उभे राहून विचारावयास हवे. १९७५ साली ज्या कामासाठी व्यवसाय कर बसविला तो कर राज्यातील नोकरदार आजही वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत भरीत आहेत. त्या कराचे सर्व उत्पन्न रोजगाराच्या ह्या राज्य हिश्शासाठी राखून ठेवावे, आणि निराधारांचे अनुदान व आत्महत्याग्रस्त कुटुंबाचे १ लक्ष रुपये शेतमजुरांच्या निर्देशांकाशी बांधून द्यावेत, ह्या दोन मागण्या त्यांनी लेखी स्वरूपात मांडल्या तरी कामाला सुरुवात होईल.